बारा दिवस आधी उघडलेला डोंगर

कडूबाईला कुणी तारीख विचारली की तिचं डोकं फिरायचं. स्वतःच्या लग्नाची तारीख तिला ठाऊक नव्हती. पोराच्या जन्माची तारीख शाळेतल्या मास्तरनं मनानंच टाकलेली. आणि आता मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी सून ओट्यावर बसून, मांडीवर मोबाइल आणि हातात पेन घेऊन विचारत होती की म्हसोबाच्या डोंगरावरची सीताफळं कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत निघतील.

"निघतील तवा निघतील," कडूबाई म्हणाली. ती शेळीच्या खुरातला काटा काढत होती, मानसुद्धा वर केली नाही.

"असं न्हाई लिहिता येत, आत्याबाई. कंपनीच्या कागदावर रकाना हाय. तारीखच पायजे."

"मग त्या रकान्यालाच इचार की."

योगितानं सुस्कारा टाकला. ही सून कडा गावची. बारावी शिकलेली, जिभेला धार असलेली, आणि एकदा मनात घेतलं की पिच्छा न सोडणारी. वस्तीवरच्या अठरा बायांचा बचत गट तिनं उभा केला होता. पुण्यात आइस्क्रीम बनवणारी एक कंपनी आहे, तिला बागेतली मोठाली सीताफळं नकोत, डोंगरातली वासाची गोड सीताफळं हवीत, हे तिनंच मोबाइलवर हुडकून काढलं. दोनदा एस्टीनं पुण्याला जाऊन आली. व्यापारी देतो त्याच्या दुप्पट भाव ठरवून आली. कडूबाईला मनातून सुनेचं लई कौतुक होतं, पण ते बोलून दाखवायचं म्हणजे जिभेला फोड आल्यासारखं व्हायचं, म्हणून ती दिवसभर खेकसायची.

"आन् हे काय लिवलंय खाली?" तिनं कागदाकडे हनुवटी केली.

"दर्जा. समदी फळं एका आकाराची पायजेत. डाग नको. गोडी इतकी इतकी टक्के."

"गोडी टक्क्यात? त्या सायबाला जीभ न्हाई व्हय?"

"आत्याबाई, मागल्या साली डोंगर कवा उघडला तेवढं सांगा."

"दसऱ्याच्या आदी चार दिस. पण मागलं साल मागं गेलं. औंदा पाऊस कसा पडतोय, फूल कवा धरतंय, काय सांगावं? लिही, दसऱ्याच्या पुढंमागं. आन् फुडं लिही, पावसावर हाय म्हणून."

योगितानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि रकान्यात लिहिलं, ५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. पावसाचं लिहायला रकाना नव्हता.

आता हे डोंगर उघडणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. म्हसोबाच्या डोंगरावर सीताफळाची झाडं कुणी लावलेली नाहीत. ती आपली दगडाधोंड्यात उगवलेली, कुणाच्या मालकीची नाहीत, सगळ्या वस्तीची आहेत. सीताफळाचं एक असतं, ते कच्चं तोडलं तर घरात ठेवून पिकत नाही. चार दिवसांत काळं पडतं, वाळतं, आणि हातात धोंडा राहतो. तोडायची वेळ झाली की त्याच्या खवल्याखवल्यांमधली खाच रुंदावते आणि त्या खाचेत फिकट पिवळी रेघ दिसायला लागते. ती रेघ पडली की तोडायचं. मग तीन दिवसांत फळ असं पिकतं की शेजारच्या घरात वास जातो.

पण अठरा घरं, आणि झाडं कुणाचीच नाहीत. रेघेची वाट बघत एक थांबली तर दुसरी कच्चं तोडून मोकळी होणार. म्हणून वस्तीनं एक रीत पाडली होती. रोज शेळ्या घेऊन जी बाई डोंगरावर असते, जिला झाड न् झाड ठाऊक असतं, ती सांगेल त्या दिवशी डोंगर उघडायचा. तिनं पहिलं रेघ पडलेलं फळ म्हसोबापुढं ठेवायचं आणि मोठ्यानं सांगायचं, "रेघ पडली." त्याआधी कुणी हात लावला तर तिचं टोपलं म्हसोबापुढं उलटं करून शेळ्यांना घालायचं. कडूबाईची सासू हे करायची, ती गेल्यापासून सव्वीस वर्षं कडूबाई करत होती. सव्वीस वर्षांत तिचा शब्द एकदाही चुकला नव्हता, आणि कुणी तो मोडलाही नव्हता. आजूबाजूच्या डोंगरांवर व्यापाऱ्यांच्या गाड्या लागायच्या, भाद्रपदातच फळं ओरबाडली जायची. ह्या एका डोंगरावरचं फळ मात्र पिकून उतरायचं, ते तिच्या दोन शब्दांवर. घरात कडूबाईचं कोण ऐकत होतं? नवरा आसाराम ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पोरगा सोमनाथ कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा आणि घरी आला की झोपायचा. डोंगरावर मात्र तिचं चालायचं. तेवढंच तिचं होतं.

आणि औंदा पावसानं सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली. रोहिणी कोरडी, मृग कोरडा, आर्द्रा नुसता वारा. सीताफळाच्या काड्या वाळल्यासारख्या उभ्या. पुष्य लागलं तेव्हा कुठं दोन चांगले पाऊस झाले आणि फूल धरलं. कडूबाईनं त्याच संध्याकाळी सुनेला सांगितलं, "योगे, तुज्या सायबाला कळव. औंदा फळ उशिरा हाय. पंधरा दिस तरी फुडं."

योगितानं कळवलं. कंपनीचे साहेब म्हणाले, बघू. ऑगस्टमध्ये पुन्हा कळवलं. साहेब मीटिंगमध्ये होते. सप्टेंबरात फोन लागला तेव्हा साहेबांनी गोड आवाजात सांगितलं की दिवाळीसाठी नवीन आइस्क्रीम बाजारात आणायचं ठरलंय, डबे छापून झालेत, आता तारखा हलवता येणार नाहीत, आणि त्या तुम्हीच भरून दिल्या होत्या ना मॅडम.

"काय म्हणला?" कडूबाईनं विचारलं.

"पाच तारखेलाच टेम्पो येणार."

"येऊ दे की. फळं काय टेम्पोचा हॉर्न ऐकून पिकत्यात?"

"आत्याबाई, तुमाला समदी मस्करीच वाटती! पाच तारखेला माल न्हाई गेला तर ते दुसऱ्या तालुक्यातून घेणारेत. मग फुडल्या साली आपल्याला कोन इचारतंय? परत त्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर उभं ऱ्हायचं."

"मी काय करू मग? रातीतून डोंगरावर जाऊन एकेक फळ पिवळ्या रंगानं रंगवू?"

योगिता आत जाऊन भांडी आदळत बसली. कडूबाईला तिचा राग आला नाही. साहेबाचा आला, छापून ठेवलेल्या डब्यांचा आला, त्या रकान्याचा आला. मे महिन्यात बसून ऑक्टोबरची तारीख विचारतात आणि वर म्हणतात तुम्हीच दिली! असल्या माणसांना एकदा उन्हात शेळ्यांमागं फिरवलं पाहिजे, असं ती आसारामला म्हणाली. आसाराम "हं" म्हणाला.

पाच तारखेला सकाळी दहा वाजता टेम्पो आला. आला म्हणजे काय, डोंगराच्या पायथ्याला म्हसोबापाशी येऊन उभाच राहिला, मागं निळे क्रेट रचलेले. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं मोबाइलमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "दोन वाजता निघायचंय ताई. उद्या सकाळी माल आत गेला पाहिजे."

सतरा बाया टोपली घेऊन आल्या होत्या. कुणी मजुरी बुडवून आली होती, कुणी तान्हं लेकरू जावेकडं टाकून आली होती. चतुराबाई सगळ्यांत पुढं. ती कडूबाईच्याच वयाची, दोघी एकाच वर्षी ह्या वस्तीत नांदायला आलेल्या, भांडायच्याही एकमेकींशीच आणि रडायच्याही एकमेकींपाशी. तिनं टोपलं खाली ठेवलं आणि कडूबाईकडं बघत राहिली. सगळ्याच बघत राहिल्या.

कडूबाई पहाटेच डोंगर फिरून आली होती. ओढ्याच्या अंगाला, जिथं ओल टिकते, तिथल्या पाचसहा झाडांना कुठं कुठं रेघ होती. बाकी डोंगर हिरवागार, खवले एकमेकांना घट्ट चिकटलेले. अजून बारा दिवस, तिनं मनात हिशेब केला होता. कमी नाही, जास्त नाही, बारा दिवस. हे तिला जितकं स्वच्छ दिसत होतं तितकं दुसरं काही दिसत नव्हतं. आणि ती हेच सांगणार होती. खाली उतरताना तिनं शब्दसुद्धा जुळवले होते, टेम्पोवाल्याला सुनवायचे. बारा दिसांनी ये बाबा, आन् येताना तुज्या सायबाला घेऊन ये.

मग तिनं योगिताकडं पाहिलं.

योगिता टेम्पोच्या दाराला टेकून उभी होती. नवी साडी नेसली होती. कंपनीला फोटो पाठवायचे होते म्हणून अठराही जणींना चांगलं नेसून यायला तिनंच सांगितलं होतं. फोन हातात तसाच धरलेला, आणि चेहरा असा की आता कुणी नुसता हात लावला तरी रडेल. सहा वर्षांत ह्या पोरीला कडूबाईनं कधी असं पाहिलं नव्हतं. लेकरू पोटातच गेलं तेव्हासुद्धा ती दोन दिवसांनी उठून कामाला लागली होती. दोनदा पुण्याला जाऊन आली होती बिचारी. एका खेपेला गाडी बिघडली म्हणून वाटेतल्या एका स्टँडवर अर्धा दिवस उपाशी बसली होती, आणि घरी आल्यावर सासू काय म्हणाली होती? हिंडायला गेली व्हतीस व्हय, म्हणाली होती.

"आत्याबाई," योगितानं विचारलं, "रेघ पडली का?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं. नाही म्हणा, असंही नव्हतं, हो म्हणा, असंही नव्हतं. नुसतं विचारलेलं होतं, आणि त्यानंच घात केला. तिनं हट्ट धरला असता तर कडूबाई उभी फाडून खाणारी बाई, सरळ नाही म्हणाली असती.

ओढ्याच्या अंगाचं एक फळ तिच्या ओटीत होतं. रेघ पडलेलं. ते तिनं काढलं, म्हसोबापुढं ठेवलं, आणि सतरा बायांकडं पाठ करूनच म्हणाली, "पडली."

"मोठ्यानं सांग की बाई," चतुराबाई म्हणाली.

"पडली म्हणलं न्हवं! रेघ पडली! चढा आता."

बाया चढल्या. चतुराबाईनं पहिल्याच झाडाचं एक फळ हातात धरलं, फिरवून पाहिलं, क्षणभर कडूबाईकडं वळून बघितलं आणि टोपल्यात टाकलं. मग सगळीकडं कटाकट देठ तुटायला लागले. कडूबाई खालीच दगडावर बसली. एकेक टोपलं येत होतं, क्रेटात रिकामं होत होतं, आणि प्रत्येक टोपल्यात ती रेघ शोधत होती. दोन वाजता टेम्पो गच्च भरून गेला. योगितानं फोटो काढले. रात्री तिनं सासूच्या ताटात न मागता दुसरी भाकरी वाढली, आणि कडूबाईनं ती नेऊन शेळीला घातली.

चौथ्या दिवशी फोन आला. फळं काळी पडली होती. गर नाही, वास नाही, सुरी जात नाही. साहेबांचा गोड आवाज कुठल्या कुठं गेला होता. दर्जा नाही, म्हणाले, तुम्ही कच्चा माल भरलात, आम्हाला फसवलंत. पुढच्या वर्षी तुमच्याकडून काही नको. फोन स्पीकरवर होता, सगळ्या गटानं ऐकलं.

आणि सतरा तारखेला, बरोब्बर बारा दिवसांनी, कडूबाई शेळ्या घेऊन डोंगरावर गेली तर वरच्या पट्ट्यात कुणाच्या हाताला न लागलेली वीसपंचवीस फळं खाचेत पिवळी रेघ घेऊन लटकत होती. तिनं त्यांना हातसुद्धा लावला नाही. पाखरं खाऊ देत, म्हणाली.

वस्तीनं काय केलं? वस्तीनं भांडण केलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, कडूबाई भांडायला कधीच कमी नव्हती. त्यांनी तिची कीव केली. "वय झालं गं तिचं." "नजर गेली, दुसरं काय." "माज्या सासऱ्याचं बी असंच झालतं, म्हशीला गाय म्हणायचा." गटातली सुभद्राबाई तर तिला हाताला धरून ओढा ओलांडून द्यायला लागली. ज्या ओढ्यात कडूबाई रोज दोनदा उतरत होती, त्या ओढ्यात! तिनं हात झटकला तर सुभद्राबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, लाजू नको."

कडूबाईला वाटायचं, वस्तीच्या मधोमध उभं राहावं आणि ओरडावं, मला दिसतंय! चतुराबाईच्या डोक्यातली ऊ मला हितून दिसतीय! पण मग पुढचा प्रश्न आलाच. दिसत होतं तर पडली कावून म्हणालीस? नजर गेलेली बाई उपचार करून परत येऊ शकते. म्हसोबापुढं खोटं बोललेली बाई पुन्हा तोंड उघडू शकत नाही. आणि तिचा शब्द गेला की पुढच्या साली कोण कुणासाठी थांबणार? भाद्रपदातच गाड्या लागतील. म्हणून ती ओठ घट्ट मिटून आंधळी झाली. रोज थोडी थोडी झाली. एक दिवस तर तिनं चतुराबाईसमोर मुद्दाम तांब्याला ठेच लावून घेतली, आणि मग गोठ्यात जाऊन स्वतःलाच शिव्या घातल्या.

सगळ्यांत जास्त टोचलं ते सुनेचं बोलणं. "दिसत न्हवतं तर सांगायचं व्हतं ना, आत्याबाई!" योगिता एके सकाळी फुटलीच. "मी काय तुमच्या उरावर बसले व्हते का? टेम्पो माघारी लावला असता. सायबाच्या पाया पडले असते. तुमी पडली म्हणलात म्हणून मी माल भरला. सव्वीस वर्सं चुकल्या न्हाईत म्हणून भरला!"

कडूबाईनं चुलीत फुंकर मारली. धूर डोळ्यांत गेला म्हणून बरं, पाणी कशाचं ते सांगावं लागलं नाही. अगं तुज्याच तोंडाकडं बघून म्हणाले, बये, हे तिच्या ओठावर येऊन परत गेलं. आता ते सांगून काय उपयोग होता? पोरीच्या डोक्यावर अठरा घरांचा डोंगर ठेवायचा?

मग नोव्हेंबरात कड्याला शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं. योगितानं नाव नोंदवलं, न विचारता. "फुकट हाय. मोतीबिंदू असंल तर तिथंच ऑपरेशनची तारीख देत्यात," म्हणाली. कडूबाईनं कंबरेचं दुखणं काढलं, शेळी व्यायला झालीय म्हणाली, नारायणगडाची शपथ घेऊन म्हणाली की मला जीपमध्ये मळमळतं. काही चाललं नाही. चतुराबाई सोबतीला आली, कीव करायला कुणीतरी हवंच होतं.

शाळेच्या वर्गात बाकावर बसवून तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती. समोरच्या भिंतीवर तक्ता, त्याच्यावर फणीसारख्या खुणा, वर मोठ्या आणि खाली बारीक होत गेलेल्या. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत तेवढं हातानं दाखवायचं. चतुराबाई बाहेर व्हरांड्यात, योगिता मात्र शेजारी उभी, जराही हलेना.

कडूबाई ठरवूनच आली होती. पहिल्या मोठ्या खुणेलाच ती म्हणाली, "न्हाई दिसत."

"ही एवढी मोठी नाही दिसत, मावशी?"

"अंदार हाय समदा."

डॉक्टरणीनं यंत्रापुढं हनुवटी टेकवायला लावली, उजेड पाडून एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिला पाहिला. मग ती खुर्चीत मागं टेकून हसली. "मावशी, वय किती?"

"पासष्ट असंल."

"पासष्टाव्या वर्षी इतके स्वच्छ डोळे मी ह्या शिबिरात आज पहिल्यांदा बघतेय. मोतीबिंदू सुरूसुद्धा झालेला नाही. सुईत दोरा ओवायला चष्मा लागेल, तेवढंच. तुम्हाला तो तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत दिसतोय."

"न्हाई दिसत!" कडूबाई उसळली. "तुमचं यंत्र बिघडलंय. नीट बघा. हाय मोतीबिंदू, लिवून द्या."

"नसताना कसं लिहून देऊ?"

"आपरेशनवाल्यांसारखी एक हिरवी पट्टी तरी बांधा!" तिचा आवाज चिरकला. "चार दिस बांधते. तुमचं काय जातंय, बाई? लोकांच्या डोळ्यातले मोती काढताय, माज्या डोळ्यात एक ऱ्हाऊ द्या की!"

रांगेतली माणसं बघायला लागली. डॉक्टरणीनं योगिताकडं पाहिलं, पण योगिता तिच्याकडं बघत नव्हती. ती सासूकडं बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता.

"चला, आत्याबाई," ती एवढंच म्हणाली.

बाहेर पडताना वर्गाच्या दारातच योगितानं तिचा दंड धरला. "तुमाला दिसत व्हतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्या दिशी. रेघ न्हवती, ते दिसत व्हतं तुमाला."

"सोड. जीप जाईल."

"माज्यापायी म्हणलात?"

"तुज्यापायी कोन म्हणंल? मोठी लागून गेलीस," कडूबाई म्हणाली, पण दंड सोडवून घेतला नाही. "हे बघ, योगे. चतुरीला सांगायचं, मोतीबिंदू हाय. आपरेशन माघ महिन्यात. मग फुडल्या साली मी डोंगर उघडीन, समद्या ऐकतील. कळलं? एक शब्द इकडचा तिकडं करू नको."

व्हरांड्याच्या पायरीवर चतुराबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना पाहून ती उठली. "काय म्हणला डाक्टर?"

"मोती..." कडूबाईनं सुरुवात केली.

"डोळे ठणठणीत हायेत," योगिता म्हणाली. ती थांबली नाही. "आत्याबाईंला समदं दिसत व्हतं, काकू. रेघ न्हवती तरी पडली म्हणल्या. टेम्पो उभा व्हता, मी रडकुंडीला आलते, माजं त्वांड बघून म्हणल्या. काय बोलायचं ते मला बोला."

कडूबाईनं डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं. आता चतुराबाई शाळेच्या आवारात बोंब मारणार, संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळणार. सव्वीस वर्षं गेली पाण्यात. ती वाट बघत उभी राहिली, पण बोंब येईना. तिनं डोळे उघडले. चतुराबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

"ठावं हाय," चतुराबाई म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"रेघ न्हवती ते. मी बी पन्नास वर्सं सीताफळं तोडतीया, कडूबाई. पयलंच फळ हातात धरलं तवाच कळलं मला. सुभद्रेला बी कळलं. समद्यांला कळलं."

कडूबाई तिच्याकडं वळली. "मग तोडलं कावून?"

"तू उघडला म्हणलीस. टेम्पो उभा व्हता. दुप्पट भाव व्हता. एकीनं तोडलं, मग दुसरी कावून थांबंल?"

"आन् मग महिनाभर मला आंधळी आंधळी म्हणत फिरलात ते? ती सुभद्री मला हाताला धरून ओढा ओलांडून देती, ते?"

चतुराबाईनं खाली बघितलं. "काय म्हणणार मग? आमाला बी दिसत व्हतं, असं म्हणायचं का? तुजी नजर गेली म्हणलं की समद्यांचं भागत व्हतं."

कडूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एक महिना! एक महिना ती ठेचकाळत, चाचपडत, तोंड दाबून फिरली, आणि ह्या सगळ्या सटव्या तिच्याकडं बघून च्च च्च करत होत्या, सगळं माहीत असून! ती शाळेच्या आवारात अशी कडाडली की ऑपरेशननंतर दाखवायला आलेले म्हातारेसुद्धा हिरव्या पट्ट्या वर करून बघायला लागले. चतुराबाईच्या सात पिढ्या तिनं काढल्या, सुभद्राबाईच्या काढल्या, साहेबाच्या काढल्या, डबे छापणाऱ्याच्या काढल्या. योगिता तिला आवरायला गेली तर तिच्याही काढल्या. चतुराबाईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी कडूबाईचा दम संपला आणि ती पायरीवर बसली.

"फुडल्या साली मी न्हाई उघडणार डोंगर," ती धापा टाकत म्हणाली. "मला इचारायचंच न्हाई. अठराजणींनी येऊन म्हसोबापुढं उभं ऱ्हायचं. एकेकीनं फळ हातात घ्यायचं आन् मोठ्यानं सांगायचं, रेघ हाय का न्हाई. एकजण जरी न्हाई म्हणली तरी टेम्पो माघारी."

"चांगलं हाय," चतुराबाई म्हणाली. तिनं जरा विचार केला. "पण समोर भरायला टेम्पो उभा असला, समद्या तोंडाकडं बघत असल्या, आन् न्हाई म्हणायची छाती झाली न्हाई एकीची बी, तर?"

जीपवाला रस्त्यावरून हॉर्न वाजवत होता. योगितानं पिशवी उचलली. कडूबाई पायरीवर तशीच बसून राहिली. त्या दिवशी नाही म्हणायची छाती तिची तरी कुठं झाली होती.